मांसाहार कमी करताना काबुली चणे : आपले अनुभव

आठवड्यातून चार-पाच वेळा होणारे मटण-चिकन दोन वेळांवर आणायचे, असे आम्ही घरी ठरवले खरे. पण संध्याकाळी दमून आल्यावर दुसरे काही सुचत नसे आणि हात पुन्हा चिकनकडेच वळे. काबुली चण्यांनी ही अडचण बरीचशी सोडवली, मात्र त्याआधी ते दोनदा टणक राहिले आणि एकदा त्यांचा लगदा झाला. आपल्या सोप्या पद्धती आणि फसलेले प्रयोग, दोन्ही लिहावेत, ही विनंती.

*

मी मटण बंद केले नाही, फक्त निम्मा खिमा आणि निम्मे शिजवलेले चणे असे प्रमाण धरले. चणे मिक्सरमध्ये फिरवल्यास त्यांचा गोळा होतो, म्हणून वाटीच्या बुडाने दाबून ते भरड करावेत. आधी खिमा मोठ्या आचेवर परतून तेल सुटू द्यावे, मग त्याच तेलात चणे पसरून, खालची बाजू तांबूस होईपर्यंत, त्यांना अजिबात हलवू नये. सासऱ्यांना हा बदल तिसऱ्या खेपेपर्यंत कळला नाही, आणि कळल्यावरही त्यांची तक्रार मिठाबद्दलच होती.

*

चणे टणक राहण्याचे कारण बहुधा टोमॅटो असावे. मीही पूर्वी वेळ वाचवण्यासाठी चणे आणि टोमॅटो एकत्रच कुकरला लावत असे. आंबटपणामुळे दाणे मऊ पडायला फार वेळ लागतो, हे पुष्कळ गॅस जाळल्यावर समजले. जड पाण्यातही हाच त्रास होतो. आता आठ ते दहा तास भिजवून आधी नुसते चणे शिजवते आणि आंबट पदार्थ शेवटी घालते. भिजवायचे विसरल्यास उकळत्या पाण्यात तासभर झाकून ठेवते. एक वाटी कोरड्या चण्यांचे शिजल्यावर अडीच ते तीन वाट्या होतात, म्हणून रविवारी एकदाच कुकर लावून उरलेले चणे पिशव्यांत चपटे पसरून फ्रीझरमध्ये ठेवते. चपटे गोठवल्यामुळे हवे तेवढे तोडून घेता येतात.

*

वड्यांचा माझा पहिला घाणा तेलात अक्षरशः विरघळला, कारण मी उकडलेले चणे वाटले होते. उकडताना त्यांतील पिष्टाने पाणी आधीच शोषलेले असते आणि मिश्रण धरून ठेवायला काही उरत नाही. रात्रभर भिजवलेले, न शिजवलेले चणे निथळून रवाळ वाटले की पिठाची भर न घालताही वडे टिकतात.

*

एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. शिजवलेल्या १०० ग्रॅम चण्यांत सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच शिजवलेल्या चिकनमध्ये त्याच्या जवळपास तिप्पट. त्यामुळे चार दाणे पेरलेल्या सॅलडला जेवण समजू नये. वाटीभर चणे, सोबत धान्य आणि दही किंवा अंडे असावे. चण्यांतील लोह अंगी लागण्यासाठी लिंबू उपयोगी पडते, जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र त्यात अडथळा आणतो. मांस पूर्ण सोडणाऱ्यांनी बी-१२ चा वेगळा विचार करावा, कारण ते चण्यांत नसते.

*

डबाबंद चण्यांना नाक मुरडू नये. पाणी ओतून ते धुऊन घेतले की मीठ बरेच कमी होते, आणि कापडाने कोरडे करून तेल चोळून २०० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजले की कुरकुरीत होतात. तिखट भाजल्यानंतरच भुरभुरावे, आधी घातल्यास ते करपते.

*

उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात मी रोज दोन वाट्या चणे खाल्ले आणि पोटाने जाहीर निषेध नोंदवला. मग अर्ध्या वाटीपासून सुरुवात केली, भिजवलेले पाणी फेकून चणे ताज्या पाण्यात शिजवू लागलो, आणि बोटांमध्ये दाबल्यावर दाणा सहज चेपला जाईपर्यंत कुकर उतरवणे सोडले. महिन्याभरात वाटीभर चणे पचू लागले.