१२ गाणी, ५३ कलाकार: मेटॅलिका ब्लॅकलिस्ट जरा जास्तच झालं का?

गंजलेली तार: शेवटी ब्लॅकलिस्ट पूर्ण ऐकला, चार तासांचा ऐवज आहे राव, तीन दिवस कर्जत लोकलमध्ये जाता येता तेच चालू. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या ब्लॅक अल्बमला २०२१ ला ३० वर्षं झाली म्हणून ५३ जणांनी मिळून त्यातली १२ गाणी गायली, त्यात नथिंग एल्स मॅटर्स किती वेळा, तर १२! ब्लॅक सॅबथ बँडच्या गाण्यांचा असाच मानवंदना अल्बम १९९४ ला निघाला होता, नेटिव्हिटी इन ब्लॅक, एका गाण्याला एक बँड, विषय संपला.

पॉवरकॉर्ड: सलग ऐकायला कोणी सांगितलं तुला? बुफेत सगळंच ताटात घेतलंस तर अजीर्ण होणारच. इगोर लेविटचं नुसतं पियानोवरचं नथिंग एल्स मॅटर्स ऐक. आणि नफा अर्धा मेटॅलिकाच्या संस्थेला, अर्धा त्या त्या कलाकाराने निवडलेल्या संस्थेला गेलाय.

गंजलेली तार: दान केलं ते चांगलंच, म्हणून गाणं चांगलं होतं का? गणपतीची वर्गणी देतो म्हणून मंडळाचा डीजे आवडायलाच पाहिजे असं थोडीच आहे.

खर्जवाली: मी गिटार शिकवते. नथिंग एल्स मॅटर्सच्या सुरुवातीला चारही स्वर मोकळ्या तारांवर, डावा हात लागतच नाही, मेटॅलिकाचा गायक-गिटारवाला हेटफिल्डने म्हणे फोनवर बोलता बोलता एका हाताने छेडलं होतं. क्लासचं प्रत्येक पोरगं दुसऱ्या आठवड्यात तेच वाजवतं, मग १२ जणांनी घेतलं यात नवल काय. माझी तक्रार वेगळीये. मायली सायरसच्या मागे एल्टन जॉन, चेलोवाला यो यो मा, मेटॅलिकाचाच बासवाला ट्रुहियो, एवढी वरात आणि गाणं जातं मूळच्याच रस्त्याने. उलट मंगोलियाच्या द हू बँडने थ्रू द नेव्हर मंगोलियनमध्ये गायलंय, क्लासमध्ये लावलं तर पोरं आधी हसली, मग गप्प बसून ऐकायला लागली.

अंधेरी स्लो: मुंबईचं कोणी काढलंच नाही? द अनफरगिव्हन गाणं, आपला पेंटाग्राम बँडवाला विशाल ददलानी, रॅपर डिव्हाइन आणि शोर पोलीस ही जोडी. डिव्हाइनचं रॅप सुरू झालं आणि काटाच आला अंगावर.

गंजलेली तार: मला नाही आला बाबा. रॅप भारीये, पण रॅप एका गाण्यातलं आणि कोरस दुसऱ्या गाण्यातला वाटतो, मध्ये शिवण दिसते.

खर्जवाली: अहो मूळ गाण्यातच शिवण आहे की! कडवं दणदणीत आणि कोरस एकदम हळू, बाकीच्या बॅलडच्या, म्हणजे संथ रॉक गाण्यांच्या, बरोबर उलटं. ती लपवली असती तर काय उरलं असतं?

गंजलेली तार: हम्म, हे डोक्यात नव्हतं आलं. रात्री परत ऐकतो, पण हे एकच हां, ती १२ नथिंग एल्स मॅटर्स परत नाही.