मदत हवी आहे: संमोहनाचं पहिलं सेशन फसलं, दुसऱ्याला कुठलं तंत्र वापरू?

शमा_नाशिक
नमस्कार. मी काउन्सेलिंग करते, संमोहनाचा कोर्सही केलाय. नवीन क्लायंट, पुरुष, वय ५२, भीतीची केस. पहिल्या सेशनला नेहमीसारखं पायाच्या बोटांपासून वर एकेक स्नायू सैल सोडायला लावला, पुढे दहा पायऱ्यांचा जिना उतरवायचा होता. पण मांड्यांपर्यंत आलो तर साहेबांनी डोळे उघडले, "मॅडम, मला कसंतरी होतंय, नको." पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. शनिवारी दुसरं सेशन आहे. एका बिंदूकडे टक लावायला सांगू, एलमनची झटपट पद्धत करू, हात आपोआप वर जाण्याची सूचना देऊ, की संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिक्सनसारखं गोष्टीतून जाऊ? संमोहन खरं की खोटं हा वाद इथे नको प्लीज. तंत्र सांगा, घाई आहे.

कृष्णाकाठ
एलमन. डोळे झाकून एलमन. इतका वेळ स्नायू सैल करत बसलात तर कुणीही वैतागेल. पापण्या इतक्या सैल सोडायला सांगा की उघडणारच नाहीत, आणि मग उघडून बघा म्हणा. त्यानंतर डोळे दोनतीनदा उघड-मीट, हात उचलून टपकन सोडायचा, शेवटी शंभरपासून उलटे आकडे म्हणता म्हणता ते विरून जातात. पाच मिनिटांत काम. हा डेव्ह एलमन गडी रेडिओवरचा, पण डॉक्टर आणि डेंटिस्ट लोकांना शिकवायचा. त्यांच्याकडे कुठला वेळ?

अनघा_के
शमाताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. भीती कशाची ते लिहिलंच नाहीत. आणि "कसंतरी" म्हणजे नेमकं काय? धडधड, की घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी? बसवलं होतं की आडवं? औषधं चालू आहेत का?

आत्मशोध
डोळे उघडले याचा अर्थ काहीतरी वर येत होतं आणि ते घाबरले. मूळ मागच्या जन्मात असणार. सरळ रिग्रेशनला घ्या, म्हणजे संमोहनात मागच्या आठवणींत न्या, एका बैठकीत मोकळे होतील.

शमा_नाशिक
भीती सुयांची. इन्सुलिन सुरू करा म्हणून डॉक्टर मागे लागलेत आणि हे टाळतायत. सेशन व्हिडिओ कॉलवर झालं, रिक्लायनरवर होते. पण भीती कशाचीही असो, इंडक्शनला, म्हणजे संमोहनात नेण्याला, काय फरक पडतो? ती तर नंतरची गोष्ट.

दादाजी५८
इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही. त्यांना म्हणावं रात्री मेथीदाणे भिजत घाला, सकाळी अनशापोटी. माझी साखर हलली नाही इतक्या वर्षांत.

अनघा_के
दादाजी, कृपा करा. इन्सुलिन सांगितलेल्या माणसाला मेथीवर ठेवणं धोक्याचं आहे, आणि ते एकदा लागलं की सुटत नाही हेही सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही.
आत्मशोध, रिग्रेशन तर अजिबात नको. संमोहनात आठवलेलं जास्त खरं नसतं, फक्त माणसाची त्यावर खात्री जास्त बसते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ सालीच याबद्दल सावध केलं होतं.
शमाताई, फरक पडतो. सुई बघून हे कधी बेशुद्ध पडलेत का?

शमा_नाशिक
हो, रक्त द्यायला गेले की पडतात. लॅबवाले आता आडवं करूनच रक्त काढतात. बोटाला टोचून साखर बघतात, तिथे फक्त मान फिरवतात. बीपीची एक गोळी आहे. मळमळ आणि हातपाय गार पडल्यासारखं, असं म्हणाले होते.

अनघा_के
मग हेच आधी हवं होतं.

साप, लिफ्ट, उंची यांच्या भीतीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. सुई-रक्ताच्या भीतीत बऱ्याच जणांचं आधी वाढतं आणि मग धाडकन खाली येतं. म्हणून माणूस पडतो. अशा माणसाला आपण काय सांगतो? "पाय जड होतायत, अंग गळून जातंय, तुम्ही खाली खाली जाताय." हे त्यांच्या चक्कर येण्याचंच वर्णन झालं! ते डोळे उघडून "नको" म्हणाले हे शहाणपणाचं होतं. एलमनमध्येही तेच, हात टपकन सोडणं म्हणजे अंग गळणंच.

यावर स्वीडनचा मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट याने मांडलेला उपाय वापरतात, १९८७ चा त्याचा पेपर आहे. शिथिलीकरणाच्या उलटा. दंड, पाय, पोट यांचे स्नायू १०-१५ सेकंद आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग सोडायचे, पण पूर्ण ढिले नाही, नेहमीसारखे. २०-३० सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा. रक्तदाब वर राहतो, माणूस पडत नाही.

पण बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका. शिवाय साखर कमी होऊनही घाम आणि अंधारी येते, तेही डॉक्टरांनीच बघायचं.

कृष्णाकाठ
हे संमोहन राहिलंच कुठे? ही तर कसरत झाली. ट्रान्स, म्हणजे संमोहनाची अवस्था, म्हणजेच शिथिल होणं.

अनघा_के
नाही हो. १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ ईवा बान्याई आणि अर्नेस्ट हिलगार्ड यांनी लोकांना व्यायामाच्या सायकलवर पेडल मारता मारता संमोहित केलं, डोळे उघडे ठेवून, "ताजेतवाने होताय, सावध होताय" अशा सूचना देऊन. लक्ष एकवटणं महत्त्वाचं, लोळणं नव्हे.

मोजमाप
मुळात तो संमोहनक्षम आहे का हे बघितलंत? स्टॅनफर्डची मोजपट्टी १९५९ पासून उपलब्ध आहे. आधी मापा, मग तंत्र निवडा. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार.

कृष्णाकाठ
पहिल्याच दोन बैठकांत परीक्षा घ्यायची? "तुमचा हात उचलला गेला नाही, गुण कमी" असं सांगितल्यावर क्लायंट परत येईल का?

मोजमाप
गुण सांगायचे कशाला? पण तुम्हाला तर कळायला हवेत.

हुगळीकर
अवांतर: सुई-कापाकापीवरून आठवलं. जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन १८४५ च्या सुमारास बंगालमध्ये हुगळीला मेस्मेरिझम (संमोहनाचं जुनं रूप) देऊन मोठमोठ्या गाठी कापायचा. क्लोरोफॉर्म अजून यायचा होता. आणि आपल्याला इन्सुलिनच्या चार मिलिमीटरच्या सुईला संमोहन लागतं. कालाय तस्मै नमः.

ठाणेकर_राहुल
सिगारेट सोडायला चालतं का हे? ठाण्यात कोणी चांगलं आहे का? फी किती?

शमा_नाशिक
राहुल, वेगळा धागा काढा.
अनघाताई, आवळणं समजलं. पण शनिवारी तासभर करू काय? एखादी तयार स्क्रिप्ट असेल तर द्या ना.

अनघा_के
तयार स्क्रिप्टचाच तर घोळ झाला. रूपरेषा सांगते.

निम्मा वेळ गप्पा. शेवटचे कधी पडलात, त्याआधी काय जाणवलं, कशाने बरं वाटलं. आणि इन्सुलिनबद्दल डोक्यात काय चित्र आहे ते विचारा. बहुतेक लॅबमधली शिरेतली सुई असणार. इन्सुलिन पेनची सुई ४ मिलिमीटरची, पोटाच्या त्वचेखाली जाते, शीर शोधायची नसते, रक्ताची ट्यूब भरत नाही. खूप जणांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

मग डॉक्टर हो म्हणाले तर बसून, डोळे उघडे ठेवून. समोरच्या भिंतीवर त्यांनीच निवडलेला ठिपका. स्नायू आवळताना सूचना अशा: "ऊब छातीतून चेहऱ्यापर्यंत चढतेय... पाय जमिनीवर घट्ट आहेत... नजर स्पष्ट आहे... हे तुम्ही स्वतः करताय." जिना नको. वापरायचाच असेल तर चढवा. सुई कल्पनेतसुद्धा या वेळी आणू नका; पुढच्या वेळी टोपण लावलेला पेन टेबलावर, मग हातात, असं पायरीपायरीने.

आणि व्हिडिओ कॉल असेल तर घरातलं कोणीतरी त्याच खोलीत हवं, त्यांचा फोन नंबर तुमच्याकडे हवा. कॉल तुटला आणि ते खुर्चीतून घसरले तर तुम्ही काय करणार? खरं तर ही केस प्रत्यक्ष भेटूनच घ्या. ते इन्सुलिन टाळतायत म्हणजे वेळही कमी आहे, दोन-तीन बैठकांत हलत नसेल तर पुढे पाठवा.

शमा_नाशिक
पत्नी घरी असतात, त्यांना बसवते. डॉक्टरांना उद्या फोन करते. पण क्लायंटनी घरी बीपी मोजून ठेवलं तर मला उपयोग होईल का, की मोजतानाच घाबरतील?

अनघा_के
पट्ट्याला घाबरतात का ते त्यांनाच विचारा. किती वेळा मोजायचं ते डॉक्टर सांगतील.

दादाजी५८
मेथी नको तर कारलं तरी चालेल.