मदत हवी आहे: ईआर निगेटिव्ह येतंय, पण खरंच निगेटिव्ह आहे का?

नमस्कार मंडळी, लॅबमध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा) ईआर-पीआरची (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आयएचसी, म्हणजे अँटीबॉडीने रंगवून प्रोटीन शोधायची टेस्ट, लावतोय आणि एका केसमध्ये अडकलोय. ट्यूमर ग्रेड १ चा (कमी आक्रमक) आहे, म्हणजे ईआर सहसा जोरात यायला हवा, पण न्यूक्लियसमध्ये ब्राऊन रंग अजिबात नाही, सगळं निळंच. कंट्रोल स्लाइड मस्त आलीय, पण पेशंटच्याच टिश्यूतल्या शेजारच्या नॉर्मल डक्टसुद्धा (दुधाच्या नलिका), ज्यांत थोडा तरी रंग यायला हवा, कोऱ्या आहेत, म्हणून सर निगेटिव्ह रिपोर्ट सोडायला तयार नाहीत आणि मलाही पटत नाही, त्या बाईंना टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी द्यायची की नाही हे यावरच ठरणार ना. सॅम्पल बाहेरगावहून आलेलं, अख्खी गाठ न कापताच फॉर्मलिनमध्ये टाकलेली, आतपर्यंत फॉर्मलिन पोचलंच नसणार. फिक्सेशन (फॉर्मलिनमध्ये टिश्यू टिकाऊ करणं) ६ ते ७२ तास हवं, पण फॉर्मवर वेळच लिहिलेली नाही. रिट्रीव्हल (फॉर्मलिनमुळे झाकलेलं प्रोटीन उष्णतेने पुन्हा उघडं करणं) प्रेशर कुकरमध्ये करतो, बफर ट्रिस-ईडीटीए, पीएच ९. आता रिट्रीव्हलची वेळ वाढवून बघू, की गाठीच्या कडेचा दुसरा ब्लॉक घेऊ, का सरळ आधीच्या बायोप्सीचा ब्लॉक मागवू? १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात, त्यामुळे घाई करायची नाहीये. ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा.