देवाबरोबर शांती: ती आधीच 'आहे', की मिळवावी लागते?

कोरी पाटी

बायबलमधला नवा करार वाचायला घेतला आहे आणि रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनापाशी अडलो आहे. विश्वासाने नीतिमान ठरल्यामुळे आपल्याला येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाबरोबर शांती आहे, असं पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. 'आहे' म्हणतो, 'लाभेल' म्हणत नाही. मनःशांती, ध्यान, नामस्मरण हे शब्द कानावरून गेलेल्या माणसाला हे मनाच्या अवस्थेचं वर्णन वाटतं. पण 'नीतिमान ठरणं' ही तर कोर्टातली भाषा झाली.

जाणकारांनी कृपया नीट उलगडून सांगावं. ही शांती म्हणजे भावना की काही वेगळं? ती हवी असणाऱ्याने प्रत्यक्षात काय करायचं, काय वाचायचं, प्रार्थना कशी करायची? पापांची कबुली थेट देवापाशी द्यायची की फादरांपाशी? आणि कबुली देऊनही तोच अपराध मनात पुन्हा पुन्हा वर येत असेल तर चुकतंय कुठे? 'श्रद्धा ठेवा, सगळं होईल' एवढंच उत्तर नको, ही विनंती.

पहाटवाट

सप्रेम सलाम. तुम्ही अगदी योग्य शब्दापाशी अडला आहात.

नव्या करारात शांतीचे दोन वेगळे उल्लेख आहेत. रोम ५:१ मध्ये देवा*बरोबर* शांती आहे आणि फिलिप्पै ४:७ मध्ये देवा*ची* शांती. पहिली म्हणजे दोघांमधलं वैर मिटणं. दुसरी म्हणजे त्यानंतर मनाला मिळणारा निवांतपणा. पौल म्हणतो, ही दुसरी शांती अंतःकरणावर पहारा ठेवते. बहुतेक लोक थेट दुसरीच्या मागे लागतात, ती हाती लागत नाही, आणि मग पहिलीही नसणार असं ठरवून मोकळे होतात. क्रम मात्र उलटा आहे. भांडण मिटलं की झोप लागते. झोप लागली म्हणून भांडण मिटत नाही.

रोम ५:१० आणि ११ मध्ये 'समेट' येतो. मूळ ग्रीक क्रियापद पौलाने १ करिंथ ७:११ मध्येही वापरलं आहे, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायकोने त्याच्याशी समेट करावा, असं सांगताना. म्हणजे हा तुटलेल्या घरातला शब्द आहे. कोर्ट आहेच, पण निकाल लागल्यावर माणूस घरी जातो, तिथवर हा शब्द पोचतो.

आता त्याच अध्यायातली ६, ८ आणि १० ही वचनं एकापाठोपाठ वाचा. आपण दुर्बळ होतो तेव्हा, आपण पापी होतो तेव्हा, आपण शत्रू होतो तेव्हा. प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा कडक आहे, आणि तिन्ही ठिकाणी पुढाकार देवाचाच आहे. नवसाशी ताडून पाहा. नवसात आधी आपण बोलतो, मग देव पावतो, मग आपण फेडतो. इथे फेडणं ख्रिस्ताच्या मरणात आधीच झालं आहे आणि आपण नंतर येतो. ही गोष्ट ध्यानात आली नाही तर ख्रिस्ती प्रार्थनासुद्धा नवसच होऊन बसते: 'मी रोज चर्चला जाईन, तू मला शांती दे.'

एक बारकावा. काही जुन्या ग्रीक हस्तलिखितांत या वचनात एक स्वर दीर्घ आहे, त्यामुळे अर्थ होतो 'आपण शांती राखू या'. ऱ्हस्व स्वर घेतला की 'आपल्याला शांती आहे'. बहुतेक भाषांतरं 'आहे' घेतात आणि मलाही तेच पटतं, कारण पुढे १०व्या वचनात समेट झाल्याचंच सांगितलं आहे. पण 'राखू या' हा अर्थही वाया घालवू नका. झालेला समेट रोज जगावा लागतोच.

वाचन. उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. तसं करणारे बरेच जण लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात. आधी मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत, रोज एक. मोठ्याने एका बैठकीत वाचलं तरी दोन तासांच्या आत होतं. मग लूकचे तीन तुकडे: १५वा अध्याय, १८:९–१४ आणि १९:१–१०. त्यानंतर रोम ३:२१ ते ५:११. ही ४७ वचनं आहेत, पण त्यांना आठवडा द्या. रोमकरांसचे पहिले दोन-अडीच अध्याय एकटेच वाचून थांबलेला माणूस खचतो, कारण तिथे फक्त आरोपपत्र आहे. ३:२१ मधल्या 'परंतु आता'पाशी पत्र वळण घेतं. ना. वा. टिळकांना आगगाडीतल्या एका प्रवाशाने नवा करार दिला आणि मत्तयाच्या ५ ते ७ अध्यायांतल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते अध्याय अवश्य वाचा, पण त्यांच्यासोबत रोमकरांसही हवं. नाहीतर 'शत्रूवर प्रीती करा' हे आपल्याला जमत नाही, एवढंच हाती उरतं.

मराठी भाषांतरांपैकी बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' मंडळ्यांत चालतं. त्याची भाषा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' शेजारी उघडं ठेवा.

प्रार्थना. ठरलेले शब्द नाहीत. लूक १८ मधल्या जकातदाराची प्रार्थना ग्रीकमध्ये जेमतेम सहा शब्दांची आहे: 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' येशू म्हणतो, तो नीतिमान ठरून घरी गेला. तरी सुरुवातीला आधार हवा असेल तर स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा आणि मग आपल्या शब्दांत बोला. कोणाशी बोलतोय ते म्हणा. काय केलं ते नावानिशी सांगा. 'माझ्या हातून काही चुकलं असेल तर' असं म्हणू नका, त्या 'तर'मध्येच कबुली विरून जाते. 'भावाच्या वाटणीबद्दल मी खोटं बोललो' असं सांगा. मग क्षमा मागा, आणि ती ख्रिस्तामुळे मागा, आपल्या चांगल्या कामांचा हिशेब देऊन नाही. शेवटी आभार माना. हा आभाराचा भाग हमखास राहून जातो. १ योहान १:९ म्हणतं की पापं पदरी घेतली तर देव क्षमा करतो, कारण तो विश्वसनीय आणि न्यायी आहे. आभार मानणं म्हणजे त्या वचनाची पोच देणं.

बावखल

कबुलीच्या प्रश्नावर कॅथलिक बाजू मांडतो.

आधी एक गैरसमज. फादर स्वतःच्या अधिकाराने क्षमा करतात असं चर्च शिकवत नाही. क्षमा देवाची. योहान २०:२२–२३ मध्ये येशूने प्रेषितांना दिलेली कामगिरी धर्मगुरू पार पाडतात. आणि ज्याचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेला नाही त्याला हा प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे फादरांपाशी कबुली, घेता येत नाही. त्याच्यासाठी स्नानसंस्कारातच आधीच्या सगळ्या पापांची क्षमा आहे. त्याने फादरांना भेटून मोकळेपणाने बोलायला मात्र काहीच हरकत नाही. थेट मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) आधी गाठू नका, घाईत असतात. पॅरिश ऑफिसमध्ये वेळ घेऊन जा.

ज्यांचा स्नानसंस्कार झाला आहे, पण वर्षानुवर्षं पापनिवेदन (गोव्यात कुमसार म्हणतात) केलेलं नाही, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण 'आता काय बोलायचं ते आठवत नाही' या संकोचापोटीच खूप जण अडून राहतात.

आदल्या दिवशी अर्धा तास बसून दहा आज्ञांवरून विवेकतपासणी करा. कागदावर लिहिलं तरी चालेल, नंतर फाडून टाका. गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा, एवढं सांगायचं असतं. आत गेल्यावर क्रूसाची खूण करा, शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांगा. 'वीस वर्षं झाली, मला मदत करा' असं म्हटलंत तर फादर स्वतः एकेक विचारत पुढे नेतील. मग पापं सांगायची, सल्ला ऐकायचा, दिलेलं प्रायश्चित्त समजून घ्यायचं, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, आणि पापमुक्तीचे शब्द नीट कान देऊन ऐकायचे. ते शब्द चालू असताना पुटपुटत राहू नका, त्यासाठीच आला आहात. एरवी हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. वीस वर्षांचं असेल तर आधी वेळ ठरवून जावं.

चुका कुठे होतात? एक म्हणजे दुसऱ्याची पापं सांगणं. 'सासूबाई अशा वागल्या म्हणून मी बोलले' यातलं 'मी बोलले' एवढंच तुमचं. दुसरी जास्त गंभीर: एखादं मोठं पाप जाणूनबुजून लपवणं. त्याने सगळं निवेदनच पोकळ होतं. खरोखर विसरलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याचीही क्षमा झाली, पुढच्या वेळी सांगून टाका. तिसरी, 'एवढ्या मोठ्या पापाला फक्त पाच नमो मरिया (मरियेची छोटी प्रार्थना)?' असं वाटणं. प्रायश्चित्त ही क्षमेची किंमत नव्हे. किंमत क्रूसावर चुकती झाली. प्रायश्चित्त म्हणजे बरं होत आलेल्या पायाला दिलेला व्यायाम.

गुप्ततेची धास्ती असेल तर ऐका: पापनिवेदनाची मोहोर, म्हणजे ऐकलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन, थेट मोडणारा धर्मगुरू चर्चच्या कायद्याने आपोआप बहिष्कृत होतो. याला अपवाद नाही.

दगडी पायरी

वरची दोन्ही उत्तरं मोलाची आहेत. शेवटचा प्रश्न राहिला: कबुलीनंतरही तोच अपराध वर का येतो?

याची कारणं एकापेक्षा जास्त असतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. ती एकत्र कालवली की माणूस थकून जातो.

पहिलं कारण, भरपाई राहिलेली असते. देवाशी मिटलं, पण शेजाऱ्याचे पैसे अजून आपल्याच खिशात. जुन्या करारातल्या गणना ५:७ मध्ये हिशेब स्पष्ट आहे: पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे ५,००० रुपये बुडवले असतील तर ६,००० द्यायचे. लूक १९ मधला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला. हा जुना नियम आज दंड म्हणून लागू आहे असं मी म्हणत नाही, पण 'सॉरी' म्हणून मुद्दलही न देणाऱ्याला शांती का लाभत नाही, ते यातून कळतं. मत्तय ५:२३–२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायचं. मात्र जिथे आपल्या कबुलीने आपलं ओझं हलकं होणार आणि समोरच्याचं घर मोडणार, तिथे जाण्याआधी पाळकांशी किंवा फादरांशी बोला. आणि ज्यांनी मारहाण, छळ सोसला आहे त्यांनी क्षमा करणं म्हणजे त्याच घरात परत जाणं, असं कोणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. क्षमा आणि पुन्हा विश्वास टाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं कारण, आपण भावनेची नाडी तपासत बसतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं गेली. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमध्ये खात्री पटली, हृदय ऊबदार झालं, आणि पुढच्याच जानेवारीत त्याने रोजनिशीत स्वतःच्या ख्रिस्तीपणाबद्दलच शंका लिहिली. इतक्या मोठ्या माणसांच्या भावना खालीवर झाल्या. त्या आपल्याही होणार. म्हणून वचनावर उभं राहायचं, नाडीवर नाही. एक साधी रीत: पाप कबूल केलं की वहीत तारीख आणि १ योहान १:९ एवढंच लिहा. तेच पाप पुन्हा मनात आलं तर पुन्हा क्षमा मागू नका, त्या तारखेच्या क्षमेबद्दल आभार माना. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो आणि त्याला पुढची वाट असते. 'तू मुळातच वाईट, तुझं काही होणार नाही' हा धूसर आवाज त्याचा समजू नका.

तिसरं कारण आजारपण. तीच प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून वीस-वीस वेळा करावीशी वाटणं, अपवित्र विचार नकोसे असूनही येत राहणं, दिवसाचा तासन्‌तास त्यात जाणं, झोप-जेवण उडणं: इथे मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. हे ओसीडी (नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याचा आजार) किंवा नैराश्य असू शकतं आणि दोन्हींवर उपचार आहेत. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. अशा माणसाला 'आणखी प्रार्थना कर' म्हणणं म्हणजे त्याच्या आजाराला खाऊ घालणं.

कोरी पाटी

मनापासून आभार. नवसाच्या तुलनेने बरंच उलगडलं. एक उपप्रश्न: मग बाप्तिस्म्याआधी ही शांती आहे की नंतरच?

पहाटवाट

प्रेषितांची कृत्ये १०वा अध्याय पाहा. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला, पण येशूचा शिष्य पेत्र याने 'मग पाण्याची गरज काय' असं म्हटलं नाही, लगेच बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. येशूच्या शेजारी क्रूसावर असलेल्या चोराला वेळच मिळाला नाही आणि तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. म्हणून बाप्तिस्मा टाळायचाही नाही आणि त्याच्यापर्यंत देव दाराबाहेर उभा आहे असंही समजायचं नाही.

बावखल

आमच्याकडे प्रौढांची तयारी सहसा काही महिन्यांची असते आणि बहुधा पुनरुत्थान-जागरणाच्या (ईस्टरच्या आदल्या) रात्री स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) हे तिन्ही संस्कार एकत्र दिले जातात. त्याआधी मनात चलबिचल असेल तर चर्च तिला धोका समजत नाही, तयारी लांबवता येते. नोकरी, पैसा किंवा आजार बरा करण्याचं आश्वासन देऊन कोणी घाई करत असेल तर तिथून उठून या.

येत्या रविवारी जवळच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसा. सगळे उठतील तेव्हा उठा, बसतील तेव्हा बसा. ख्रिस्तशरीर वाटलं जाईल तेव्हा रांगेत न जाता जागेवरच थांबा. कोणी विचारणार नाही, विचारलंच तर 'पहिल्यांदाच आलोय' म्हणा. मिस्सा संपल्यावर लगेच निघू नका, दहा मिनिटं तिथेच बसा आणि स्तोत्र १३० वाचा. आठच वचनं आहेत.