बोर्डाआधी भिंत बघा

पुण्यात बाणेरच्या एका नव्या फ्लॅटमध्ये भिंतीवरच्या कपाटाचे स्क्रू सैल होतात, म्हणजे पार्टिकल बोर्डच (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेली फळी) टाकाऊ, अशी एकाची तक्रार आहे. बोर्डाची वकिली मी करणार नाही (पुण्याच्या पावसाळ्यात ओल लागली की फुगतोच), पण स्क्रू भिंतीतून निघत असेल तर बोर्डाचा काय दोष?

ड्रिल मारताना भुकटी बघा. लाल आली तर वीट. करडी आणि बिट पुढे सरकत नसेल तर काँक्रीट. पांढुरकी आणि बिट लोण्यात सुरी गेल्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा). नव्या इमारतींत शेवटचे दोनच प्रकार जास्त. नेहमीची प्लास्टिकची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवतो तो प्लग) विटेत छान धरते, एएसीत नुसती फिरत राहते. तिथे त्याच ब्लॉकसाठी बनवलेले लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट चिकटवलेला बोल्ट) घ्या आणि भोक ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देत फिरणं) बंद ठेवून पाडा. काँक्रीटला मात्र हॅमर ड्रिलच हवं. स्क्रू भिंतीत किती खोल धरेल हे मोजताना प्लास्टरची जाडी त्यात धरू नका.

कपाटाच्या जोडणीबद्दल एवढंच: मागची पातळ फळी ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर दारं कधीच नीट बसत नाहीत.

उंच ड्रॉवरचं कपाट जमिनीवर असलं तरी भिंतीला बांधाच. मुलं अंगावर कपाट पडून दगावल्यावर २०१६ मध्ये आयकियाने अमेरिकेत सुमारे २.९ कोटी कपाटं परत मागवली होती.

आणि स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल नको, वायरिंगचा पाइप बहुधा तिथूनच जातो.