टोचन केल्यापासून मोटरहोमच्या गिअरबॉक्समधून घरघर येते. दोष नक्की कशाचा?

कोलशेतवासी

नमस्कार. मिनीबसच्या चॅसिसवर बांधलेली एक जुनी मोटरहोम मी दोन वर्षांपूर्वी घेतली. गाडी डिझेलची आहे, गती मागच्या चाकांना मिळते आणि गिअर पाच आहेत. पावसाळ्याचे चार महिने ती सोसायटीच्या आवारात उभीच होती. गेल्या महिन्यात बोर्डीहून परतताना घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला तिने आधी दम सोडला आणि मग ती बंदच पडली. मागे ट्रकांची रांग लागलेली आणि वाहतूक पोलीस गाडी बाजूला घ्या म्हणून मागे लागलेले. त्या घाईत जी क्रेन प्रथम मिळाली तिने पुढची चाके उचलली, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि गाडी मागच्या चाकांवर वागळे इस्टेटपर्यंत, म्हणजे बारा-तेरा किलोमीटर, ओढत नेली. मागचा भाग इतका खाली आला होता की वाटेतल्या एका गतिरोधकावर सांडपाण्याच्या टाकीची तोटी मोडली.

गॅरेजने डिझेल फिल्टर बदलल्यावर इंजिन दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. परंतु तेव्हापासून गिअरबॉक्समधून घरघर ऐकू येते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो. चालवताना तो पहिल्या तीन गिअरमध्ये आणि पाचव्यात येतो, चौथ्यात मात्र जवळजवळ नाहीसा होतो. क्रेनवाल्याचे म्हणणे असे की गाडी न्यूट्रलमध्ये असताना गिअरबॉक्सला काहीच होऊ शकत नाही, आणि गॅरेजवाल्याचे म्हणणे असे की जुनी गाडी आवाज करणारच. जाणकारांनी कृपया सांगावे.

लोखंडबाजार

मी कळंबोलीत जड वाहनांची दुरुस्ती करतो. क्रेनवाल्याचे म्हणणे ऐकायला पटण्यासारखे आहे आणि त्यामुळेच अनेकांची फसगत होते.

न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो हे खरे, पण चाकांचा आणि गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचा, म्हणजे चाकांकडे गती नेणाऱ्या दांड्याचा, संबंध तुटत नाही. मागची चाके फिरली की डिफरेन्शियल (मागच्या आसावरची गिअरपेटी) फिरते, मग तिला गिअरबॉक्सशी जोडणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आणि त्याच्याबरोबर मुख्य शाफ्ट. गिअरबॉक्समधले तेल वर उडवण्याचे काम करतो तो खालचा ले-शाफ्ट, आणि तो इंजिनाकडून फिरतो. इंजिन बंद असले की ले-शाफ्ट स्थिर राहतो, तेल तळाशी निवांत पडून राहते आणि वरचा मुख्य शाफ्ट कोरडाच फिरत राहतो. शंभर-दोनशे मीटर गाडी बाजूला घेण्यापुरते हे चालते. बारा किलोमीटर चालत नाही.

आपण गिअरनिहाय आवाज लिहिला हे फार बरे केले. मुख्य शाफ्टचे पुढचे टोक इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाकडून गती आणणाऱ्या दांड्याच्या, पोकळीत बसते आणि दोघांच्या मध्ये एक लहान निडल बेअरिंग (बारीक सुयांसारख्या रोलरांचे) असते. अशा बहुतेक गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्यात दोन्ही शाफ्ट एकत्र बांधल्यासारखे एकाच गतीने फिरतात, त्यामुळे त्या बेअरिंगला कामच उरत नाही आणि आवाज थांबतो. इतर गिअरमध्ये दोघांच्या गतीत फरक पडतो, म्हणून तिथे घरघर येते. माझा संशय त्याच बेअरिंगवर आहे. गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेल काढून पाहा आणि तेल सोडण्याच्या तळाच्या बोल्टवरील चुंबकाला काय चिकटले आहे तेही नीट पाहा.

पुढच्या वेळी मागची चाके जमिनीवर राहणार असतील तर प्रोपेलर शाफ्टचा मागचा जॉइंट खोलायला सांगा. खोलण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या बोल्ट लावलेल्या चकत्यांवर) रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे परत जोडताना शाफ्ट त्याच जागी बसतो आणि गाडी थरथरत नाही. सुटलेला शाफ्ट तारेने चॅसिसला घट्ट बांधायचा, लोंबकळत सोडायचा नाही. सराईत माणसाला यासाठी पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पण आपण आग्रह धरल्याशिवाय कोणी ते करत नाही.

ऐरोली_खाडीकाठ

वरील विवेचन मान्य आहे, तरी एक शंका नोंदवतो. ले-शाफ्टचे बेअरिंग खराब असले तरी लक्षणे बरीचशी अशीच दिसतात, कारण चौथ्या गिअरमध्ये ले-शाफ्ट फिरतो पण त्याच्यावर भार नसतो, त्यामुळे आवाज दबतो. शिवाय तेल आधीच कमी असेल तर दोष एकट्या टोचनाचा ठरत नाही. तेव्हा क्रेनवाल्याशी भांडण्यापूर्वी किती तेल निघते ते मोजून घ्यावे.

मला अधिक काळजी वाटते ती मोडलेल्या तोटीची, कारण ती वजनाविषयी काही सांगते. माझ्या गाडीत दोन आसांमधले अंतर साडेतीन मीटर आहे आणि पाण्याची टाकी मागच्या आसाच्या मागे सुमारे 1.2 मीटरवर आहे. टाकीत 150 लिटर पाणी भरले की मागच्या आसावर 150 नव्हे, तर सुमारे 200 किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरचा सुमारे 50 किलोने कमी होतो. तरफेचा साधा हिशेब आहे. अशी गाडी पुढून उचलली तर मागचे स्प्रिंगचे पाटे आणखी दबणारच. म्हणून ओढून नेण्यापूर्वी दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, अर्थात सांडपाणी भर रस्त्यात सोडून नव्हे.

कळंबोलीकडे गेलात तर एखाद्या वजनकाट्यावर गाडी जरूर तोलून घ्या. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी. वजाबाकीतून मागचा भार कळतो. चॅसिसच्या पट्टीवरील मर्यादेशी तो ताडून पाहिला तेव्हा आमच्या गाडीतले सागवानी कपाट काढून टाकावे लागले. सौभाग्यवती अजून त्याचे नाव काढतात.

घाटवाट

क्रेनऐवजी सपाट पाठीची गाडी मागवावी असा सल्ला कोणी देईल, त्याला माझी ना नाही, पण उंची मोजून घ्या. छतावर एसी असलेली मोटरहोम सहज तीन मीटरच्या आसपास जाते, आणि खालच्या गाडीची पाठ साधारण एक मीटर उंच असते. चार मीटरचा डोलारा घेऊन उंचीरोधक कमान लावलेल्या पुलाखालून जाता येत नाही. रस्त्यावरील मदतसेवा विकत घेतानाही वजनाची आणि उंचीची मर्यादा लेखी विचारून घ्यावी, कारण त्यांच्या बहुतेक गाड्या मोटारींसाठीच असतात.

आणि घाटात दोराने टोचन कधीही करू नये. इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होते. उतारावर दोर सैल पडला की मागच्या चालकाच्या हाती काही उरत नाही. लोखंडी दांडाच हवा.

कोलशेतवासी

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, क्षमस्व. गिअरबॉक्सचे तेल मोजले तेव्हा ते नियमापेक्षा जेमतेम पाव लिटर कमी भरले. मागच्या सीलमधून पाझर होता. म्हणजे ऐरोलीकरांची शंका अगदीच निराधार नव्हती. मात्र तळाच्या बोल्टच्या चुंबकावर चंदेरी लगदा जमला होता आणि उघडल्यावर निडल बेअरिंगच्या सुया निळसर पडलेल्या दिसल्या. उष्णतेने, असे मिस्त्री म्हणाले. ले-शाफ्टची बेअरिंगे शाबूत होती. निडल बेअरिंग आणि सील बदलले, आवाज गेला.

आता ज्याची मला खरी लाज वाटते ते सांगतो. गॅरेजने जुना फिल्टर जपून ठेवला होता. तो उलटा केला तर त्यातून बरेच पाणी निघाले. पावसाळाभर डिझेलची टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी केली, दमट हवेतले पाणी टाकीत साचत गेले, आणि फिल्टरच्या तळाशी पाणी सोडण्याचा जो स्क्रू असतो तो मी दोन वर्षांत एकदाही फिरवला नव्हता. तो सैल करून पाणी काढायला पाच मिनिटे लागतात. गायमुखला क्रेनची गरजच पडली नसती.

लोखंडबाजार

सुया निळ्या पडल्या होत्या म्हणजे शाफ्टचे टोकही तापले असणार. त्यावर ओरखडे नाहीत ना, हे मिस्त्रींना विचारून घ्या. ओरखडे असतील तर नवे बेअरिंगही फार दिवस टिकणार नाही. आणि हजार किलोमीटरनंतर तेल पुन्हा एकदा बदला.