इंट आणि इंटिजर: तुलना करताना जपून

'जावा ५ मध्ये ऑटोबॉक्सिंग आल्यापासून इंट आणि इंटिजर यांत फरक उरला नाही, कुठलाही वापरा' असं एक मत आहे. इंट म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेतली साधी पूर्णांक संख्या, इंटिजर म्हणजे तीच संख्या आत ठेवणारा ऑब्जेक्ट, आणि ऑटोबॉक्सिंग म्हणजे इंटचा इंटिजर आपोआप होणं. बेरीज-वजाबाकीपुरतं ते चालून जातं, तुलना आली की फसतं. दोन इंटिजर व्हेरिएबलमध्ये १२७ ठेवून == लावलं तर ट्रू येतं, १२८ ठेवलं की सहसा फॉल्स. ऑटोबॉक्सिंग आतून व्हॅल्यूऑफ ही मेथड बोलावतं आणि ती -१२८ ते १२७ साठी आधीच बनवलेले ऑब्जेक्ट परत देते. त्यापलीकडे नवा ऑब्जेक्ट. == मात्र ऑब्जेक्ट एकच आहे का एवढंच बघतं, आतली किंमत नाही. म्हणूनच छोट्या आकड्यांवरच्या टेस्ट पास होतात आणि खऱ्या डेटावर कोड आपटतो. त्याऐवजी आतली किंमत तपासणारी इक्वल्स ही मेथड वापरा.

पण इक्वल्सलाही एक खोच आहे. हॅशमॅप म्हणजे 'की' (key) देऊन तिच्याशी जोडलेली किंमत काढायचा साठा. ज्याची 'की' लाँग (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) आहे अशा हॅशमॅपला गेट(५) विचारलंत तर ती 'की' असूनही नल (म्हणजे 'काहीच नाही') मिळतं: ५ चा इंटिजर होतो आणि इंटिजरचं इक्वल्स लाँगला कधीच समान मानत नाही. गेटचा पॅरामीटर ऑब्जेक्ट प्रकारचा, म्हणजे कुठलाही ऑब्जेक्ट चालतो, त्यामुळे कंपायलरही अडवत नाही. तिथे ५एल (5L, म्हणजे लाँग प्रकारचा ५) लिहा. ते नल थेट इंटमध्ये घेतलंत तर नलपॉइंटरएक्सेप्शन ही एरर ठरलेलीच.